मॅडमच्या रानातली इर्जिक

मी मिस्तरी माणूस. निम्मी हयात लोकांचे नांगर आणि रोटाव्हेटर दुरुस्त करण्यात गेली, आणि आता पगार घेतो तो अशा शेतावर, जिथं सगळं कौतुक न नांगरलेल्या जमिनीचं. हसू नका, सुरुवातीला मलाही हसूच आलं होतं.

किल्लारीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच हे संशोधनाचं शेत आहे. थकलेल्या मातीत पुन्हा जीव कसा येतो, ते तिथं तपासतात. दोन तुकडे शेजारी शेजारी. एक दर उन्हाळ्यात रीतसर नांगरायचा, चारचौघांसारखा. दुसऱ्याला शेत सुरू झाल्यापासून फाळ लागलेला नव्हता. पीक काढलं की काड तिथंच पसरून ठेवायचं आणि पुढची पेरणी त्या काडातूनच करायची. त्यासाठी वेगळं पेरणी यंत्र आहे. त्याच्या तबकड्या काड कापतात, जमिनीत बोटभर फट पाडतात, बी सोडतात आणि फट बुजवतात. त्या तबकड्यांना धार लावणं, नट आवळणं, ग्रीस भरणं हे माझं काम. मातीत पुरलेल्या, ओल मोजायच्या नळ्याही माझ्याच ताब्यात.

हा सगळा उद्योग मॅडमचा, म्हणजे शेत चालवणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंचा. त्यांनी ऐन उमेदीची वर्षं त्या तुकड्यावर घातली. भर उन्हाळ्यात काडाचं पांघरूण बाजूला करून त्याखालची ओलसर माती हातावर घ्यायच्या आणि लेकराच्या टाळूचा वास घ्यावा तसा तिचा वास घ्यायच्या. "ही एकदा उलथली ना, तर पुन्हा पहिल्यापासून," म्हणायच्या.

गावाला अर्थातच हे पटत नव्हतं. आमच्याकडे रान नांगरलेलं नसलं तर एक तर मालक मेला, नाहीतर तो आळशी. शेजारचे मामा मात्र कधी टिंगल करायचे नाहीत. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर भस्माचे पट्टे, जीभ गोड. त्यांना मी शंभरदा समजावलं असेल. ते "हाव, हाव" करत ऐकायचे, आणि मला वाटायचं, चला, एक तरी माणूस शहाणा झाला.

होळीनंतर मॅडमची आई गेली. मुखेडजवळच्या खेड्यात. मॅडम एकुलती एक लेक. मीच जीपमधून त्यांना घेऊन गेलो. बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि या कोरड्या डोळ्यांनी सरपण पुरेल का, पाहुण्यांच्या चहाचं काय, ते बघत होत्या. डोळ्यांतून टिपूस नाही. मला ते बघवेना. राख सावडून झाल्यावर त्या तेराव्यापर्यंत तिथंच थांबल्या आणि मी परत निघालो.

जळकोट, उदगीर करत शेतापाशी आलो आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. काडाचा तो पिवळा तुकडा नव्हताच. होती ती काळी, उलथी ढेकळं. आधी वाटलं, भलत्याच कुणाच्या बांधाला गाडी लावली. मग आमचं शेड दिसलं, आमचा हौद दिसला. जीप तशीच चालू ठेवून खाली उतरलो.

राखणदार तोंडभर हसत धावत आला.

"मिस्तरी, इर्जिक झाली! अख्खं गाव लोटलं व्हतं. इतके टॅक्टर, की न्याहारीपतुर काम खल्लास!"

ज्याच्या घरी अडचण, त्याचं रान गावानं मिळून, मजुरी न घेता नांगरून द्यायचं, याला इर्जिक म्हणतात. हल्ली कोण कुणासाठी एवढं करतं? मी तर ती नुसती ऐकून होतो. मेलेली रीत नेमकी आमच्याच बोकांडी बसायला जिवंत झाली होती.

ओल मोजायच्या नळ्या उपटून, फडक्यानं पुसून बांधावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. शेडमध्ये आमच्या नांगराला हळदकुंकू लावलेलं. म्हणजे तोही नेला होता. लोकांना बोलावलं कुणी, विचारलं तर राखणदार म्हणाला, "मामांनी."

मी तडक गावात गेलो. मामा भूकंपानंतरच्या पुनर्वसनातल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर बसले होते.

"मामा, काय करून बसलात हे!" मी ओरडलोच.

त्यांना वाटलं, मी आभार मानायला आलोय. "असू द्या हो मिस्तरी, उपकार कसले त्याच्यात! तुमचा नांगर लई मऊ चालला बगा. ग्रीस भरावं तर तुमीच. आन बगळे किती! टॅक्टरमागं रान निस्तं पांढरं. जल्मात येवढे बगळे बगितले न्हाईत. मी म्हणलो, म्हातारी सुटली, चांगला शकुन हाय."

ते बगळे गांडुळं खात होते. मॅडमची सगळी वर्षं वेचून खात होते.

"अहो, ते रान नांगरायचं नसतं! किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "समजतं की मला. बाईमाणूस एकली. डिझेलला वरून पैका येत नसंल. मग लाजंखातर प्रयोग म्हणायचं. आमी कवा कुणाला बोललो का?"

मी ओट्यावर बसलोच. एवढी वर्षं मी समजत होतो की मामा शिकताहेत, आणि मामा आमची कीव करत आले होते!

"भूकंपात माझं समदं गेलं, मिस्तरी," ते म्हणाले. "बायकू, लेकरं. मी ढिगाऱ्यापशी निस्ता बसून व्हतो. परगावची माणसं आली, वळख ना पाळख. बैलं घिऊन आली आन माझं रान नांगरून दिलं. तवा उठलो मी. बाईची माय गेली, आन तिचं रान तसंच पडू दिऊ व्हय?"

मी शिव्या तोंडात घेऊन आलो होतो. त्या गिळून परत फिरलो. फोनवर मॅडमना सांगायचा धीर झाला नाही. शेवटी तेरावा उरकल्यावर त्यांना आणायला गेलो, तेव्हा उदगीरला चहाला थांबलो आणि तिथं एका दमात सगळं सांगून टाकलं. नळ्या, नांगर, बगळे, मामांचा भूकंप, सगळं.

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. मग म्हणाल्या, "त्यांना जेवायला कुणी घातलं?"

मला वाटलं, त्यांना धक्का बसलाय, काहीतरीच बोलताहेत. पण रीत तशीच आहे. इर्जिकीला आलेल्यांना रानाच्या मालकानं जेवू घालायचं. उदगीरच्या बाजारातच त्यांनी गूळ आणि खिरीचा गहू घेतला. मी मात्र रस्ताभर धुमसत होतो. "मॅडम, निदान मामांना खरं काय ते सांगा. नाहीतर मी सांगतो."

त्यांनी गुळाची पिशवी मांडीवर घेतली आणि तिची गाठ पुन्हा घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी शेडसमोर पंगत बसली. मॅडमनी स्वतः वाढलं. मामांच्या ताटात दोनदा खीर घातली. ढेकळांकडे पाठ करून वाढत होत्या, ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. मंडळी ढेकर देत उठली, सुपारी कातरत घरोघर गेली. आणि मग मॅडम त्या तुकड्याकडे वळल्या.

बांधावरून आत उतरल्या, चार ढेकळं ओलांडली आणि खाली बसल्या. एक ढेकूळ उचलून कुस्करलं. आणि त्या रडायला लागल्या. अशा रडल्या, की मी हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता मातीच्या नावानं रडतील, वाया गेलेल्या वर्षांच्या नावानं रडतील. पण त्या आईला हाका मारत होत्या. मुखेडला न आलेलं सगळं तिथं, त्या उलथ्या मातीत बसून बाहेर येत होतं.

मामा काठी विसरले म्हणून परत आले होते. ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. हीच वेळ, असं मला वाटलं. मी सांगायला तोंड उघडलं.

"रडू द्या तिला, मिस्तरी," मामाच आधी बोलले. "रान नांगरल्यावरच रडू येतंय. माझं बी तसंच झालतं."

मी त्यांची काठी आणून त्यांच्या हातात दिली.