उद्याचा गोळा

शहागंजच्या गल्लीतल्या त्या नानवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या मनगटापर्यंत भट्टीनं पोळल्याचे डाग होते. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सजीवांची लक्षणं शिकवताना पाचवीच्या मुलांना मी त्याच्याकडे नेलं. त्यानं खमिराच्या, म्हणजे नान फुगवणाऱ्या आंबलेल्या पिठाच्या, मडक्यावरचं फडकं काढलं आणि एकेकाला कान लावायला सांगितला. आत बारीक बुडबुडे फुटत होते.

"श्वास घेतंय," एक मुलगी कुजबुजली.

त्यानं दिलेला खमिराचा गोळा मुलांनी शाळेत पिठात मळला. पीठ टम्म फुगलं. खिचडीच्या चुलीवर आम्ही नान भाजले आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ले. दुसऱ्या दिवशी मुलांना पुन्हा करायचे होते, म्हणून मी खमीर मागायला गेले.

त्याचा हात थांबला. "बाई, सगळं खाल्लं? उद्यासाठी गोळा काढून ठेवला नाय?"

सजीवांची लक्षणं फळ्यावर लिहून देणारी मीच होते.

"हे माझ्या दादाच्या, आज्याच्या वक्ताचं हाय," नवा गोळा तोडत तो म्हणाला. "निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनमध्ये भट्टी बंद होती. घरात खायाचे वांदे, तरी दादी ह्याला रोज मूठभर आटा चारायची."

त्यानं गोळा माझ्या ओंजळीत ठेवला. शाळेपर्यंत मी पावलं जपून टाकत चालले, माझ्याहून वयानं मोठ्या कुणाला तरी घेऊन निघाल्यासारखी.