शेवट आधी सांगायचा नाही

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली आधीकाका म्हणते. दुकानात कुणी काहीही मागितलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आधी काय काय बघितलंयस?" दुकान जिन्याखालचं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं. व्हिडिओ गेमच्या आणि अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, डिस्क भाड्याने द्यायच्या आणि बिघडलेले कंट्रोलर उघडून दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. लोक सगळं मोबाइलवर बघायला लागले तेव्हा डिस्कचा धंदा बसला. कंट्रोलरची बटणं मात्र अडकायची थांबली नाहीत, म्हणून दुकान तगलं.

दुकानदाराने गिऱ्हाईक मागेल ते द्यावं. हे देत नसत. कुणी तिसरा भाग मागितला की म्हणायचे, "आधी पहिला." पहिला मित्राकडून ऐकलाय म्हटलं की, "ऐकून पोट भरतं का?" गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत. माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "हे दुकान कसलं, शाळा आहे. आणि मास्तर नापास करायलाच बसलेत."

ताई घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. इतक्या वर्षांत तिने त्यांची एक डिस्क लावून बघितली नव्हती. पण त्यांचा जीव कशात अडकलाय ते तिला ठाऊक होतं. एक जपानी गोष्ट होती. तिचं नाव घेताना आमची जीभ वळायची नाही, म्हणून ताईने तिचं नाव ठेवलं होतं 'पाणबुडी पोर'. एका शहरात समुद्र शिरतो. धाकटा भाऊ पाण्याखालीच राहून जातो आणि बहीण हातात दिवा घेऊन रोज त्याला शोधायला पाण्यात उतरते. या एवढ्याशा गोष्टीचे तीन गेम, दोन मालिका आणि एक सिनेमा. त्यातही सरळ काही नाही. पहिला गेम मधूनच सुरू होतो, मालिका बालपणात जातात, सिनेमात समुद्र आला तो दिवस आहे आणि शेवट तिसऱ्या गेममध्ये.

हे सगळं कुठल्या क्रमाने बघावं यावरून जगभर लोक भांडतात म्हणे. काही म्हणतात, बालपणापासून बघा. भाऊजी म्हणायचे, करणाऱ्यांनी ज्या क्रमाने काढलं त्याच क्रमाने. "पहिल्या गेममध्ये रेडिओवरचा एक आवाज तिला वाट दाखवतो. तो कुणाचा, हे मालिका आधी बघितली की कळून जातं. मग त्या आवाजात काय राहिलं?" आणि यावर आणखी एक कायदा होता, तो ब्रह्मदेव आला तरी मोडायचा नाही. शेवट कुणालाही आधी सांगायचा नाही.

मग ताई आजारी पडली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आता औषध दुखण्यापुरतं, बरं होण्यासाठी नाही, घरी न्या. आम्ही तिचा पलंग बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर लावला. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, जन्मभर जिच्याशी संसार केलात ती पोर दाखवा तरी मला."

कित्येक महिन्यांनी त्या माणसाच्या तोंडावर रंग आला. त्यांनी दुकानातलं गेम खेळायचं यंत्र घरी आणलं, तारा जोडल्या, उशा रचल्या आणि पहिला गेम लावला. मी एका दातांच्या डॉक्टरांकडे रोग्यांना वेळा देण्याचं काम करते. तिथून सुटून आले तर दोघं पाण्यात उतरलेले.

मी भाऊजींना स्वयंपाकघरात गाठलं. "हे सगळं संपायला किती वेळ लागतो?"

"नीट बघितलं तर बराच."

"तिच्याकडे आहे का तो?"

ते कप विसळत राहिले.

"शेवटचं तेवढं दाखवा ना."

"सुरुवातीशिवाय शेवट म्हणजे नुसती चित्रं," ते म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ जाईना.

खेळायचे भाऊजी. ताईच्या हातात दुसरा कंट्रोलर असायचा, कुठेच न जोडलेला. ती त्याची बटणं दाबायची आणि हुकूम सोडायची, "डावीकडे वळा, डावीकडे. समोर दार दिसत नाही का?" त्या पोरीला दिव्याच्या तेलासाठी शिंपले गोळा करून विकावे लागतात. भाऊजींनी तेही गाळलं नाही. "इथे माझा जीव चाललाय आणि तुम्ही शिंपले विकताय," ताई म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. मग बराच वेळ कुणी कुणाकडे बघितलं नाही.

पण ती गुंतली. का, ते मला कळत होतं. आमचा पाठचा भाऊ घरातून निघून गेला त्याला आता किती वर्षं झाली. आहे की नाही, तेही माहीत नाही. त्याच्याशी शेवटचं बोलणं ताईचंच झालं होतं. ती त्याचं नाव काढायची नाही. फक्त एकदा, भाऊजी डिस्क बदलत असताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सापडतो का हो तो?"

"बघशील ना," भाऊजी म्हणाले.

मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "ताई, मी मोबाइलवर बघून सांगते. दोन मिनिटांचं काम."

तिने माझं मनगट धरलं. "तू नको. बघूही नकोस. जन्मभर त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला सांगतात का, बघू दे."

पुढे ती मधेच झोपायला लागली. भाऊजी तिचे डोळे मिटले तिथपर्यंत मागे जायचे आणि ती उठली की तिथूनच लावायचे. एकेक प्रसंग तीनतीनदा झाला. आम्ही पुढे जायच्या ऐवजी मागेच चाललो होतो आणि भाऊजींना ते दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं.

सिनेमा लावायच्या दिवशी ती चांगली जागी होती. आवाजही स्वच्छ. "अहो, ते राहू द्या. इकडे बसा." ते पलंगाच्या कडेवर बसले. "मला नाही पुरायचं हे. सांगून टाका. सापडतो की नाही?"

मी पाणी घेऊन दारात उभी होते. त्यांनी तोंड उघडलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आता सांगतात, असं वाटलं. मग ते म्हणाले, "आधी हा सिनेमा होऊ दे."

ताईने थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली.

ते डिस्क आणायला गेले तेव्हा मी तिचं तोंड पुसत होते. ती हळूच म्हणाली, "नसणारच सापडत. सापडत असता तर सांगितलं असतं. वाईट आहे, म्हणून त्यांना सांगवत नाही. तू त्यांना काही बोलू नकोस."

मी बोललेच. तिचं म्हणणं नाही सांगितलं, पण बाहेर जिन्यात त्यांना अडवून विचारलं, "माणूस आहात की दगड?"

ते भिंतीला टेकले. "शेवट कळला की ती थांबायची नाही गं. तिसरा गेम राहिलाय, म्हणून थांबलीय ती."

माझा इतका संताप झाला होता आणि तरी मला त्यांची कीव येत होती.

सिनेमा निम्म्यात आला आणि ताईला झोप लागली. भाऊजींनी चित्र थांबवलं. पडद्यावर पोरीचा हात शिडीवर होता. ताई पुन्हा नीट जागी झालीच नाही. भेटायला येणारे म्हणत, टीव्ही तरी बंद करा. भाऊजी कुणाला हात लावू देईनात. ती उठली की तिथूनच लावायचं होतं ना. ती गेली, तिला घरातून नेलं, परत आलो तरी तो हात शिडीवरच. शेवटी मीच प्लग ओढला.

मी प्लग ओढला तेव्हा भाऊजी म्हणाले, "कुठवर आलो होतो ते विसरायला होईल." तेव्हा मात्र माझा तोल सुटला.

"ती काय समजून गेली ठाऊक आहे? तुम्ही सांगत नाही म्हणजे तो सापडत नाही. वाईट आहे म्हणून तुम्हाला सांगवत नाही. हे म्हणाली ती मला. शेवटपर्यंत तुमचीच काळजी."

मी परक्या भाषेत बोलत असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सापडतो गं," ते म्हणाले. "सापडतो तो. दोघं वर येतात. घरी जातात."

आणि ते जमिनीवर बसले. मीही बसले. मला वाटतं, त्या खोलीत आम्ही दोघं तेव्हा जे रडलो ते ती गेली म्हणून नव्हतं, चांगली बातमी घरात असून तिला मिळाली नाही म्हणून होतं.

आता दुकान पुन्हा उघडलंय. कॉलेजातली एक मुलगी पहिला गेम मागायला आली. भाऊजींनी डिस्क काढून दिली आणि म्हणाले, "भाऊ सापडतो. तिसऱ्याच्या शेवटी. दोघं घरी जातात." ती बघतच राहिली. डिस्क तिथेच टाकून गेली. तेव्हापासून येईल त्याला हेच. लोक चिडतात, वाद घालतात. समोरचा इस्त्रीवाला मला म्हणाला, "तुमच्या भाऊजींना आवरा, गिऱ्हाईक तुटतंय." मी आवरायला गेलेही. म्हटलं, "वरातीमागून घोडं नाचवून काय मिळतंय?"

ते ताईच्या हातातला तो कंट्रोलर उघडून बसले होते. त्याचं काहीच बिघडलेलं नाही. बटणाखालची धूळ ब्रशने झाडत होते.

"बस," म्हणाले. "सापडतो तो."

मी जाते तेव्हा मलाही दर वेळी सांगतात. मी म्हणते, "हो का?" आणि कुठे सापडतो, कसा सापडतो, सगळं पहिल्यापासून विचारते. त्यांना तिसऱ्या भागापासून सांगायला सुरुवात करायची असते, पण बोलता बोलता ते मागे मागे जात राहतात, आणि पोर शिडीवर हात ठेवते तिथे आले की गप्प होतात.