भुरी पटावर उतरते

घराच्या अंगणातच गॅरेज असलं की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, ग्रीससारखे. एक पुसून काढावा तर दुसरा कोपराला लागलेला असतो. अकोल्याच्या मैत्रिणी विचारतात, "मलकापूरला करमतं का गं तुला?" मी एखादा किस्सा सांगते. त्यांना वाटतं मी उत्तर टाळलं. टाळलेलंच असतं म्हणा.

आधी माणसं सांगते. 'हे' म्हणजे माझे यजमान मधुकरराव, गॅरेजचे मालक. उस्मानचाचा, आमचे मिस्त्री. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. घराच्याही मालक आणि मधुकररावांच्याही. छबी, माझी लेक, तेव्हा नुकती बसायला लागलेली. आणि मी सुमन, इंटरपर्यंत शिकलेली, जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींना घाबरणारी. छबी रडली की मला वाटायचं काहीतरी दुखतंय. रडली नाही की वाटायचं, का रडत नाही?

आणि भुरी. भुरी ही मोटार होती.

*

एका जिनिंगवाल्या शेठजींच्या शेडमध्ये ही लांबलचक अमेरिकन गाडी कित्येक वर्षं सरकीच्या पोत्यांआड पडून होती. स्टेअरिंग डावीकडे, रंग धुळीचा. म्हणून भुरी. यांनी ती पाहिली आणि जेवणावरची वासनाच उडाली. "आठ सिलिंडर आहेत सुमन, आठ!" असं झोपेत पुटपुटायचे.

शेवटी एकदाची गाडी घरी आली. इंजिन जाम, म्हणून पुढे बैलजोडी जुंपलेली. हे नवरदेवासारखे आत स्टेअरिंग धरून बसलेले. सगळी आळी गोळा झाली.

आत्याबाईंनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "किती बैलाचं बळ हाय म्हनला हिच्यात?"

"शंभराच्या वर, आई!"

"मंग हे दोन काऊन लावले?"

*

पुढचे काही महिने भुरीच्या अंगावरून एकेक वस्तू उतरत गेली. हे म्हणायचे, वजन कमी झालं की वेग वाढतो. मागची सीट निघाली. ती ओसरीत आली आणि आत्याबाई तिच्यावर बसून तांदूळ निवडू लागल्या. पाहुण्यांना सांगायच्या, "मोटारीतलं एवढंच कामाचं निघालं."

मग उस्मानचाचांनी सायलेन्सर कापला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी सुरू केली तेव्हा फळीवरची भांडी उडून खाली आली. मी छबीचे कान दाबत आत पळाले. पोरगी बहिरी होणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही. खोलीत जाऊन पाहते तर छबी माझ्या खांद्यावर गाढ झोपलेली! जिला झोपवताना माझ्या सगळ्या अंगाया संपून पाढे सुरू व्हायचे, ती!

आठवड्याभरात ही बातमी आळीत पसरली. एका दुपारी शेजारच्या वच्छीवहिनी कडेवर रडतं पोर घेऊन दारात.

"वहिनी, भाऊजीले सांगा न, जरा गाडी चालू करा म्हणा. आमचा पोट्टा सकायपासून झोपूनच नाही राह्यला!"

*

गाडी शिकवायचं यांनीच काढलं. सोनाळ्याच्या रस्त्याला वर्दळ नसते, म्हणून तिकडे गेलो. मी स्टेअरिंगवर, हे शेजारी.

"क्लच! क्लच! अगं ब्रेक! ब्रेक नाही, क्लच! बैलगाडी येतेय! गेली... पण आली होती!"

मी गाडी बाजूला घेतली. "अहो, तुम्ही जरा उतरता का?"

"का?"

"मला गाडीची भीती वाटत नाहीये. तुमची वाटतेय."

हे हसत हसत उतरले. थोडं पुढे जाऊन वळून यायचं, एवढाच माझा विचार होता. पण गाडी तिसऱ्या गियरमध्ये गेली, खिडकीतून वारा आला, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या डोक्यात एकही काळजी नव्हती. ना छबीची, ना दुधाची, ना हंड्यावर झाकण ठेवलं की नाही याची. वळायचं राहूनच गेलं. गावागावातून फिरून दुसऱ्याच रस्त्याने घरी आले तेव्हा आठवलं.

आत्याबाई दारातच होत्या. "गाडी आली. गाडीवाला कुठी सांडला?"

गाडीवाला दिवेलागणीला आला. वांग्याच्या गाडीतून, वांग्यांवर बसून.

*

लायसन काढायला बुलढाण्याला गेलो. मुंबई राज्याचा महाराष्ट्र झाला तरी कचेरीतल्या खुर्च्या जुन्याच होत्या आणि साहेबही. साहेबांनी मैदानात मला गाडी पुढे घ्यायला लावली, मागे घ्यायला लावली, आठचा आकडा काढायला लावला. सगळं जमलं. मग ते यांच्याकडे वळले.

"बाईंना चढावर गाडी थांबवून उचलता येते का?"

"येते," मी म्हणाले.

"तुम्हांला नाही विचारलं. काय हो, येते का?"

हे अगदी प्रामाणिक माणूस. म्हणाले, "तिला येते साहेब. मला नाही येत."

साहेबांचं पेन थांबलं. "मग लायसन कुणाला पाहिजे?"

"हिला. माझं मागच्या वर्षी तुम्हीच दिलंत!"

*

मग अमडापूरहून निरोप आला. तिथे शंकरपट भरतो. बैलजोड्यांची शर्यत, सरळ सपाट धावपट्टी, तिलाच पट म्हणायचं. जोडी एकेक करून सुटते आणि पंच सेकंदाच्या घड्याळावर वेळ घेतात. त्या वर्षी पंचांच्या डोक्यात आलं की बैलांचा पट उरकला की दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीवर मोटारी पळवायच्या. ज्याची असेल त्याने आणावी. पंच होते सखारामबापू. अमडापूर हे आत्याबाईंचं माहेर, आणि बापू त्यांच्या गल्लीत लहानाचे मोठे झालेले.

पळवणार अर्थात हे, असं सगळे धरून चालले होते. म्हणून गावाबाहेर सराव केला. यांनी गाडी सोडली, सुसाट नेली, आणि समोर काही नसताना सरळ ज्वारीत घातली! आम्ही धावत गेलो. हे कणसांमध्ये शांत बसलेले.

"काय झालं?"

"चौथ्या सिलिंडरचा आवाज ऐकत होतो."

आमचे हे गाडी कानाने चालवतात. वेग वाढला की ऐकण्यात इतके रंगतात की डोळे मिटतात. उस्मानचाचांनी कपाळाला हात लावला. "मालिक, आप बाहर खड़े रहकर सुनो. गाडी भाभी को चलाने दो."

"खरंच," हे म्हणाले. "सुमन, तूच पळव."

मी 'छे, मला कुठलं जमतंय' म्हणाले. तीन वेळा म्हणाले. पण मनात कधीच हो झालं होतं. मला ती पट्टी पाहिजे होती. आणि यांच्या नावावर नाही, माझ्या नावावर पाहिजे होती. बापूंच्या माणसाला मी स्वतः सांगितलं, "नाव लावा, सुमन."

घरात मात्र आत्याबाईंनी ताट सरकवलं. "लेकुरवायी बाई पटात पयते कुठी? माह्या माहेरात मले तोंड दाखवाले जागा ठेवसान का नाही? म्या नाही म्हनलं म्हंजे नाही."

"आत्याबाई, मी जाणार आहे."

हे वाक्य माझ्याच तोंडून आलं का, हे बघायला मी मागे वळून पाहिलं.

आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. निघायच्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी गाडीत बसल्या. मागे सीट नव्हती, म्हणून पाट घेऊन!

*

राजूरच्या घाटात भुरी उकळली. बॉनेटमधून वाफा. जवळपास विहीर नाही. गाडी निवल्यावर यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाशी ठेवलेल्या कळशीकडे. त्यात छबीसाठी उकळून, गाळून, परत उकळून घेतलेलं पाणी होतं.

"नाही हं," मी म्हणाले.

"मग इथेच राहू या का?"

कळशी रेडिएटरमध्ये गेली. मी रडायच्या बेतात. उस्मानचाचा समजावणीच्या सुरात म्हणाले, "फिक्र मत करो भाभी. अब इंजन को हगवण नहीं लगेगी!"

*

आत्याबाईंच्या माहेरी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पटावर गेलो. पहिली पाळी एका डॉक्टरांच्या छोट्या गाडीची. आता, पटात बैल अनावर असतात, म्हणून सुरुवातीच्या रेघेवर चार दांडगे गडी जोडीला धरून ठेवतात आणि झेंडी पडली की सोडतात. तेच गडी मोटारीला आले. सवयीने चौघांनी मागून बंपर धरला. आणि गाडी हलकी, म्हणून जरा उचलूनच धरला.

झेंडी पडली. 'सोडा' म्हणायचं बापू विसरले. गड्यांनी काही सोडलं नाही. मागची चाकं हवेत गरगर फिरतायत, धूर निघतोय, आणि आत डॉक्टर पुढे वाकून, दात आवळून, स्टेअरिंगला लटकलेले. बऱ्याच वेळाने त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला, घाम पुसला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं,

"कितव्या सेकंदाला पोचलो?"

*

आणि मग आमचा नंबर.

मी भुरी रेघेवर लावली. छबी दूर बाभळीखाली बायकांमध्ये, आत्याबाईंच्या कडेवर. एका हातात झेंडी, दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन बापू खिडकीशी आले आणि आत वाकून बघू लागले.

"मधुकरराव कुठी हायेत?"

"ते तिकडे. ऐकायला उभे आहेत."

"मंग गाडी कोन पयवते?"

"मी."

बापूंनी झेंडी काखेत मारली. "पटावर बाईनं पाय ठेवाचा नसते, बाई. आम्हाले वाटलं, नाव नुसतं हौसेपुरतं लावलं. उतरा तुम्ही. मधुकररावाले बसू द्या."

"झेंडी पडल्याशिवाय मी उतरणार नाही."

"अन् तुम्ही उतरल्याबिगर झेंडी पडनार नाही."

झालं! इंजिन चालू, काटा वर चढतोय. मागे थांबलेले जीपवाले हॉर्न वाजवू लागले. हे धावत आले. "सुमन, बंद कर, तापतेय."

"तापू दे."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अवो बाई, घरी जा न! पोट्टी रडून राह्यली असंन!"

हे मात्र वर्मी लागलं. मी बाभळीकडे पाहिलं. छबी तिथे नव्हती. आत्याबाईही नव्हत्या. हात दाराच्या खिट्टीकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात गर्दीच्या माना वळल्या. पटाच्या मधोमध, जिथे बाईने पाय ठेवायचा नसतो तिथून, आत्याबाई चालत येत होत्या. नऊवारीचा ओचा खोचलेला, कडेवर छबी. मला वाटलं, आता पोरगी माझ्या मांडीत टाकणार आणि मला बाहेर ओढणार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सख्या!"

साऱ्या पंचक्रोशीसमोर 'सख्या'! बापूंनी नकळत फेटा सारखा केला. "काऊन आक्का?"

"झेंडी दे इकडं."

"तूच त काल म्हनत होती न, का माही सून पटात नाही पाहिजे म्हून!"

"हाव, म्हनत व्हती. माही सून हाय, म्या म्हनीन. तू कोन रे म्हननारा?"

आत्याबाईंनी बापूंच्या काखेतली झेंडी उपसली आणि मोकळ्या झालेल्या काखेत छबी दिली. "धर हिले. मान सांभाय."

आणि झेंडी खाली आली!

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. बाभळी एकमेकींत मिसळल्या. पट्टी जणू भुरीच्या खालून कुणी ओढून घेत होतं. शेवटची रेघ गेली तेव्हा मी ओरडत होते. काय, ते माहीत नाही. गाडी वळवून हळूहळू परत आले तर लोक फेटे उडवत होते, आणि हे डोळे मिटून उभे होते.

"किती लागले बापू?"

बापूंचा चेहरा पडलेला. त्यांच्या एका हातात छबी होती, आणि छबीच्या तोंडात घड्याळ.

"टाइम... टाइम नाही घेता आला, बाई. दाबाचंच राह्यलं." मग जरा हुशारी आली. "असो, पयून झालं न तुमचं? आता टाइम नाही त नाव बी नाही लागत. घ्या गाडी बाजूले."

जीपवाल्यांनी परत हॉर्न वाजवले. मी गाडी बाजूला घेतली नाही. पुन्हा वळवून मागे घेतली. पुढची चाकं बरोब्बर सुरुवातीच्या रेघेवर आली तेव्हा ब्रेक दाबला.

आत्याबाईंनी झेंडी परत वर धरली.

"सख्या, पोट्टीच्या तोंडातून घड्याय काढ अन् पुस. टाकीत पेट्रोल लय हाय."