सरांच्या पाठकोऱ्या कागदामागची चिठ्ठी

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं शिक्षण अर्धवट राहिलं, पण टायपिंग मी काळजीने करतो. विचुंब्याला इतिहासाचे एक प्राध्यापक राहतात. दर रविवारी त्यांच्या घरी बसून मी त्यांचं पुस्तक टाइप करतो. सर कोरा कागद वापरत नाहीत. घरातल्या पाठकोऱ्या कागदांवरच लिहितात.

आज एक पान टाइप करून झालं आणि सहज उलटलं. मागे हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, सरांच्याच नावाची. ‘अँजिओग्राफी तातडीने करावी.’ तारीख गेल्या महिन्यातली.

"सर, हे..."

सरांनी आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोल. पुस्तक एकदा छापायला जाऊ दे, मग करू."

"काकूंना माहीत आहे?"

"तू टायपिस्ट आहेस की डॉक्टर?" सर हसले. हसता हसता थांबले आणि छाती चोळू लागले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "काय रे, कधी सुटणार आमचे हे तुझ्या तावडीतून? पुस्तक झालं की कोकणात न्यायचं कबूल केलंय मला."

"होत आलं, काकू," मी म्हणालो. दीडशे पानं बाकी आहेत. तो कागद मी गठ्ठ्यात ठेवला आणि पुढची चार पानं टाइपसुद्धा केली.

आता काकूंचा नंबर समोर काढून बसलोय. सांगितलं तर सर मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. तरी सांगायलाच हवं ना? कुणीतरी ‘हो’ लिहा, लगेच फोन लावतो.