गोदामातली शेवंती

माणसाच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या दारातल्या झाडाच्या पानाकडे पाहून त्याची विचारपूस करणारा मनुष्य मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमच्या गावच्या सहकारी सोसायटीचे गोदामपाल. आपण त्यांना नमस्कार करावा आणि त्यांनी आपल्या खांद्यावरून मागच्या तुळशीला प्रतिनमस्कार करावा, असा त्यांचा शिष्टाचार होता. एकदा एका लग्नघरी मांडवाच्या दारात वरपक्षाचे स्वागत चालले असता हे गृहस्थ टाचा उंचावून आंब्याच्या तोरणातील एक पान उलटेपालटे करीत उभे राहिले. मागे वऱ्हाड खोळंबले. वरपित्याने खाकरून विचारले, "काय बगताय एवढं?" तेव्हा अत्यंत गंभीरपणे ते म्हणाले, "कडा करपल्यात. ह्या आंब्याला पालाश कमी पडलंय. लग्न होऊ द्या, पण झाडाचं बगा." वधूपित्याने आंबा कोणाचा हे शेवटपर्यंत सांगितले नाही.

सोसायटीच्या गोदामात युरिया, सुपरफॉस्फेट आणि पोटॅश यांची पोती छतापर्यंत रचलेली असत आणि त्यांच्या मधोमध एका स्टुलावर हे बसत. शेतकरी पोते न्यायला आला की पोत्याआधी प्रवचन मिळे. त्यांचा सारा सिद्धान्त एका वाक्यात सामावलेला होता: "रोपाला जेवण द्या, मेजवानी न्हाय." खालचे पान पिवळे पडले तर नत्र कमी, कडा जळाल्या तर पालाश कमी, शिरा हिरव्या राहून मधला भाग फिकटला तर लोह कमी, हे त्यांना आम्हां भिक्षुकांस विभक्तिप्रत्यय पाठ असावेत तसे पाठ होते. आणि झाड फुलावर आले की नत्राचा हात आखडता घ्यावा, हा तर त्यांच्या लेखी वेदवाक्याचा दंडक. "गुरुजी," ते मला सांगत, "फुलावर आलेल्या झाडाला युरिया घालणं म्हंजी बाळंतिणीला पैलवानाचा खुराक. पानं बगा कशी, म्हणतेत लोक. पानं काय डोस्क्यात माळायचीत?"

बहात्तरच्या दुष्काळात या विद्येला ग्राहक उरले नाहीत. तेरणेच्या पात्रात वाळूसुद्धा भेगाळल्यासारखी दिसे. गाव सरकारी मदतीची सुकडी खाऊन पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होते आणि टँकर दिवसाआड आला तर आला. खताला विचारतो कोण? गोदामपालांचे स्टूल मात्र रिकामे नव्हते. दुष्काळात कोणतीही हिरवी वस्तू शेळ्यांच्या दृष्टीस पडता कामा नये, हे ओळखून त्यांनी डालड्याच्या अकरा रिकाम्या डब्यांत पांढरी शेवंती लावून ती थेट गोदामात आणून ठेवली होती. छतात काचेची दोन कौले होती. त्यांतून येणारा उन्हाचा पट्टा दिवसभर जमिनीवरून सरके आणि हे गृहस्थ त्याच्या पाठोपाठ अकरा डबे सरकवीत राहत. भिंतीला त्यांनी पत्र्याचे चकचकीत तुकडे टेकवले होते, म्हणजे पानाच्या पाठीलाही ऊन लागावे. एका डब्यातील पाने शिरांमध्ये फिकटली तेव्हा गंजलेले खिळे पाण्यात बुडवून ते पाणी त्यांनी चमच्याने पाजले. खतासाठी पोत्याला हात लावणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते, म्हणून जमिनीवर सांडलेले कण झाडून घेण्याची परवानगी त्यांनी चेअरमनकडे लेखी मागितली. चेअरमन म्हणाले, "अहो, केर हाय तो!" हे म्हणाले, "केर असला तरी सोसायटीचा हाय." परवानगी लेखीच मिळाली.

शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड अंधार लागतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले. त्यापायी त्यांनी राखणदाराचा विजेचा दिवा काढून टाकला. बिचारा राखणदार विंचवांना भिऊन पाय वर घेऊन बसे आणि सकाळी माझ्याकडे गाऱ्हाणे आणी: "गुरुजी, फुलाला झोप पायजे म्हणतेत. मला बी लागती की!"

या साऱ्या खटाटोपामागे केवळ छंद नव्हता. त्यांच्या वस्तीतील बौद्ध कुटुंबांनी श्रमदानाने एक छोटा विहार बांधला होता आणि दसऱ्याच्या दिवशी, ज्याला ते अशोक विजयादशमी म्हणतात, तेथे बुद्धमूर्तीची स्थापना व्हायची होती. गोदामपालांची आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिची एकच इच्छा होती: मूर्तीपुढचे पहिले फूल सोलापूरच्या बाजारातले नसावे, याच गावच्या मातीतले असावे. "लई वर्सं ह्या मातीनं आमाला फकस्त धूळ दिली," ती म्हणे, "आता एक फूल देऊ दे." लेकाने शब्द दिला होता. आणि त्या वर्षी पाच कोसांत फूल म्हणून उमललेले काही नव्हते.

दसऱ्याला वीस-बावीस दिवस राहिले असतील. सकाळी मी ओसरीवर पोथी उघडून बसलो होतो. गोदामपाल आले. तुळशीकडे न पाहताच थेट माझ्याकडे आले, तेव्हाच मी ओळखले की काहीतरी विपरीत घडले आहे. ते उपरण्याचे टोक पिळीत समोर बसले. मग म्हणाले,

"गुरुजी, राग मानू नका. एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही अंघोळीला साबण लावता का?"

साठ वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला. मी सांगितले, "नाही. आजवर कधीच नाही."

"तसंच ऐकलं हुतं. सगळ्या गावात चौकशी केली. बिनसाबणाचे तुम्ही एकलेच निघाला. मग तुमच्या अंघोळीचं सांडपाणी मला देता का?"

मग हळूहळू सारे बाहेर आले. कळ्या हरभऱ्याएवढ्या होऊन थांबल्या होत्या. आई रोज विचारी, "फुगली का रं?" आणि दिवस तर सरत होते. तेव्हा जन्मभर गावाला 'मेजवानी नको' म्हणून बजावणाऱ्या या मनुष्याने अकराही डब्यांत खताची दुप्पट मात्रा घातली. चार दिवसांत पानांची टोके तपकिरी होऊन वळली, कडा विस्तवाला लागल्यासारख्या करपल्या.

"उपाय हाय," ते मान खाली घालून म्हणाले. "डब्यामागं घागरभर पाणी हळूहळू घालायचं, म्हंजी जास्तीचं खत खालून वाहून जातं. पण अकरा घागरी पाणी आणू कुठनं? प्यायचं पाणी वतलं तर आईच मला घरात घ्यायची न्हाय. मूठ उचलताना मला कळत हुतं, गुरुजी. कळत असून घातलं."

मी विचार करून सांगतो म्हणालो. माझ्यापुढे खरोखरच धर्मसंकट होते. देवापुढे वाहायचे फूल, मग तो देव कोणाचाही असो, माझ्या अंगावरून उतरलेल्या पाण्यावर वाढावे, हे मनाला पटेना. दिवसभर मी ग्रंथ चाळले. शास्त्रांनी स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत: मंत्राने, मृत्तिकेने, भस्माने, गाईंच्या पायधुळीने, उन्हात पडणाऱ्या पावसाने, जलात उतरून आणि केवळ ध्यानाने. सातांपैकी जलात उतरावे लागते ते एकाच प्रकारात. पावसाचे तर त्या वर्षी नावच नको. तरीही पाच प्रकार शिल्लक राहत होते आणि तेवढे मला अकरा दिवसांस पुरण्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी स्नानाची घागर मी तशीच भरलेली ओसरीवर ठेवली. गोदामपालांनी ती वाकून पाहिली, बोट बुडवून पाहिले आणि ते दोन पावले मागे सरले.

"ह्यात तुम्ही अंघोळ केली न्हाय."

"केली नाही."

"मी सांडपाणी मागितलं हुतं. चांगलं पाणी मी घेणार न्हाय."

मी त्यांना सात स्नानांचे विवेचन ऐकवू लागलो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि आवाज न चढवता म्हणाले, "गुरुजी, तुमी माणूस लई चांगले. पण ह्याच शास्त्रानं माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर घागर बुडवू दिली न्हवती."

हे खरे होते. मी जे उभे आयुष्य शिकलो होतो त्यात त्याचे उत्तर असते, तर ते पूर्वीच कोणी दिले असते.

तेवढ्यात आमची मंडळी बाहेर आली, घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "शास्त्र ऱ्हाऊ द्या बाजूला. ही घागर मी टँकरमागं पळून, चार जणींशी भांडून आणलीय. तुमी दोघं वाद घालत बसा, माझी कंबर मोडायली. धरा म्हणते ना!"

त्यांनी धरली.

अकरा दिवस रोज एक घागर गेली. कोणत्या डब्याला आधी पाणी द्यावे, हे ते वैद्याने रुग्णांची रांग लावावी तसे पाने पाहून ठरवीत. डब्यातून गळालेले खारे पाणी गोदामाच्या दारातील कडुनिंबाला जाई. "ह्याचं पोट दगडाचं हाय," ते सांगत. मी मंत्र म्हणून, भस्म लावून, संध्याकाळी परतणाऱ्या चार-दोन हाडकुळ्या गाईंच्या धुळीत उभा राहून शुचिर्भूत होत होतो. आमची मंडळी म्हणे, "अन्न सोडायची व्रतं ऐकली होती. हे व्रत शेजाऱ्यांनी करायचं दिसतंय, वास सोसायचं." शेवटच्या चार डब्यांना मात्र पाणी पोचेपर्यंत उशीर झाला, ती रोपे गेली. उरलेल्या सातांना हिरवे पान फुटले, थांबलेल्या कळ्या पुन्हा फुगू लागल्या आणि राखणदार अंधारातच बसून राहिला, आता स्वखुशीने.

दसऱ्याला सकाळी त्यांनी मला बोलावले. विहार लहान, माणसे पुष्कळ. सात डब्यांत मिळून पुरती उमललेली फुले तीनच होती. बाकीच्या कळ्या अर्ध्या मिटलेल्या. म्हातारीने पहिले फूल मूर्तीपुढे ठेवले आणि बराच वेळ हात काढलाच नाही. सगळे मूर्तीकडे पाहत होते. गोदामपाल त्या फुलाच्या देठाला राहिलेल्या एका पानाकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. "कडा बगा गुरुजी," ते कुजबुजले, "एक बी करपली न्हाय."

वंदना आटोपल्यावर म्हातारी काठी टेकत माझ्यापाशी आली. मला वाटले, आशीर्वाद देईल. तिने नाकाला पदर लावला, डोळे मिचकावले आणि म्हणाली, "गुरुजी, फुलं झाली. आता तरी अंघूळ करा बाबा!" सारा विहार हसला. मीही हसलो. त्या दिवशी घरी जाऊन मी जे स्नान केले, त्याचा प्रकार शास्त्रात दिलेला नाही.

पुढल्या वर्षी पाऊस झाला, पोत्यांना ग्राहक आले आणि गोदामपालांची बदली परंड्याकडे झाली. जाताना मातोश्रींना पुढच्या आसनावर आणि डबे बसच्या टपावर बसवून ते गेले. त्यांतला एक डबा मात्र आमच्या ओसरीवर ठेवलेला मिळाला. सोबत सूचना काहीच नव्हती, ही मी माझी आजवरची सर्वांत मोठी पदवी समजतो. ती पदवी मला पेलली नाही, हे कबूल केले पाहिजे. माझ्या हातची शेवंती पाने भरपूर देते, फुले बेताची देते. मी तीच रोज पूजेला वाहतो. देव तक्रार करीत नाही. तक्रार करील असा मनुष्य आता गावात राहिला नाही.