मोगऱ्याची तिसरी पळी

काल लिफ्टमध्ये कुणाच्या तरी केसांना मोगऱ्याच्या तेलाचा वास आला, आणि मी पन्नासच्या दशकातल्या अंधेरीत, आमच्या तेलाच्या कारखान्यात जाऊन पोचले. तिथे मी बाटल्यांना खळीने लेबलं चिकटवायचे.

तेलात अर्क किती घालायचा ते सावंतमामा ठरवायचे. थेंबभर तेल हाताच्या पाठीवर चोळायचं आणि हुंगायचं, हेच माप. आपल्या नाकावर कारखाना चालतो असं ते मनापासून मानायचे, म्हणून कधी रजा घेत नसत. त्या दिवशी सर्दीने नाक पार चोंदलं होतं, तरी आले.

पिंपात एक पळी अर्क घालून त्यांनी हात हुंगला. "अजून वास येत नाय." दुसरी घातली. मग तिसरी. आमची डोकी भणभणायला लागली.

"सांग ना गं त्यांना," शेजारची शांता कुजबुजली.

"तूच सांग. माझं काम लेबलांचं."

अख्खं पिंप वाया गेलं. मालक एवढंच म्हणाले, "सावंत, घरी का नाही बसलात?" मामा हात हुंगत राहिले.

कारखान्यात एवढा जीव कशाला गुंतवावा, असं तेव्हा वाटलं होतं. आता दिसतं ते वेगळंच. नाक फक्त त्यांचं बंद होतं. माझं चांगलं उघडं होतं, आणि मी मान खाली घालून खळ लावत होते.

त्या दिवशी माझं एकही लेबल वाकडं गेलं नाही.