सगुणमामाचा गळा

आमच्या भूलतज्ज्ञांच्या विभागात प्रोफेसर तीन आहेत, पण नवशिके डॉक्टर चळाचळा कापतात ते सगुणमामासमोर. मामाचा हुद्दा शिपायाचा. माणूस डिचोलीचा, खाणी चालू होत्या तोवर खनिजाचा ट्रक हाकला, त्या बंद पडल्यावर आमच्या सरावाच्या खोलीत चिकटला. मी विभागाचा कारकून, त्यामुळे डॉक्टरांचा हा छळ मला रोज फुकटात बघायला मिळतो.

खोलीत छातीपर्यंतचा एक प्लास्टिकचा माणूस टेबलावर आडवा असतो. भूल दिलेल्या रोग्याचा श्वास चालू राहावा म्हणून तोंडातून श्वासनळीत नळी घालावी लागते, ते आधी ह्याच्या घशात शिकायचं. मामाने त्याचं नाव ठेवलंय पात्रांव, म्हणजे मालक. रोज सकाळी पात्रांवचं तोंड पुसायचं, घशाला जेल लावायचं आणि मग स्टुलावर बसून डॉक्टरांची अब्रू काढायची, हा मामाचा क्रम. हातातल्या पात्याने जीभ बाजूला सारून वर उचलायची असते. नवशिके पातं दातांवर टेकवून उलथतात. पात्रांवच्या दातांतून ‘टक्’ वाजतं आणि मामा खेकसतो, “उचल गो, उचल! ट्रकचो टायर काढतंस काय?”

नळी चुकून अन्ननळीत गेली की फुप्फुस ढिम्म आणि पोट टम्म. मग तर मामाला चेवच येतो. “अगो, ताका जेवूक वाढतंस काय? श्वास दी!”

ह्या वर्षी त्याच्या तावडीत धारगळची तनया सापडली. अभ्यासात हुशार, हात मात्र भीतीने गार. पहिल्या आठवड्यात तिने पात्रांवचं पोट इतक्या वेळा फुगवलं की मामाने जाहीर केलं, “आज ताका जेवण नको.” पोरगी रडकुंडीला यायची, पण हटायची नाही. बाकीचे घरी गेले तरी ती उभीच, आणि डिचोलीची बस सोडून मामाही स्टुलावर. महिन्याभरात दहांत नऊ वेळा नळी बरोबर जायला लागली. त्या दहाव्या वेळेवरून मामा तिला दिवसभर सोलून काढायचा.

आणि मग मामाच्याच पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनांची यादी मीच टाइप केली होती. मामाच्या नावापुढे, विभागप्रमुख हर्षा मॅडमच्या खाली, तनयाचं नाव होतं. मामाने यादी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि माझ्या टेबलाशी आला.

“माका सुटी व्हयी.”

“ऑपरेशनाची सुटी गावली मरे तुमका!”

“ती न्हय. ऑपरेशनापासून सुटी.”

जिवंत माणसाच्या घशात तनयाची ही पहिलीच नळी असणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती दहावी वेळ मामाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

ऑपरेशनच्या सकाळी मी सहीचे कागद घेऊन त्याच्या खाटेपाशी होतो. त्याची बायको रुक्मिणी चहाला गेली होती. हर्षा मॅडमनी सरळच विचारलं, “सगुण, नळी मी घालू की तनयाने घालायची? मी शेजारी असेनच. तुम्ही सांगाल तसं.”

तनया मागे उभी होती. मास्कवर नुसते डोळे, तेही जमिनीकडे. मामा मॅडमचंच नाव घेणार ह्याबद्दल मला शंका नव्हती. मी तरी घेतलंच असतं. मामाने जिभेने आपले दात चाचपले.

“घालू दे तिकाच,” तो म्हणाला. “पण दात माजे आसत हां, पात्रांवचे न्हय.”

दोन तासांनी तनया बाहेर आली आणि भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागली. रुक्मिणीने ते पाहिलं मात्र, असा हंबरडा फोडला की खालच्या मजल्यावरचा रखवालदार धावत वर आला.

“खडे रवले आसते तर काय बिघडला आसता! माज्या घोवाक काय केलंस गो?”

“मावशे, ते बरे आसत!” तनया दचकून म्हणाली. “जित्या माणसाच्या गळ्यात माजी ही पयलीच नळी. ती बरोबर गेली, म्हणान रडू इला.”

रुक्मिणीचं रडं जागच्या जागी आटलं. पदर खोचून ती तरातरा आत, ऑपरेशननंतरच्या खोलीतल्या मामाच्या खाटेकडे निघाली. तिला आवरायला मी मागे, माझ्या मागे तनया.

मामा जागा होता. दात सगळे शाबूत, आवाज मात्र बसलेला.

“तिची पयलीच नळी. तुका म्हायत होता?”

“होता.”

“आनी तरी हो म्हटलंस?”

मामाने दारातल्या तनयाकडे बोट केलं.

“खयच्या तरी गळ्यापासून तिका सुरवात करूचीच होती. दुसऱ्या कोणाक ती पयली म्हणान म्हायतच नसता. माका म्हायत होता, म्हणान हो म्हटलंय.”

इतक्या वर्षांत त्या खवीस माणसाबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला. रुक्मिणीने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली, आणि दारात थांबलेल्या तनयाला हाताने आत बोलावलं.